एचेव्हेरियाची पानं गळतायत, त्यातून रोपं होतील का?

गॅलरीवाली: ठाण्यात राहते, गॅलरी पश्चिमेला. एचेव्हेरियाची (ते जाड, गुबगुबीत पानांचं झाड) खालची पानं पाणचट होऊन नुसता हात लागला तरी गळतायत, पाणी तर आठवड्यातून एकदाच देतेय. ही पानं लावली तर चालतील का?

कुंडीवेडा: पाणचट पानं टाकून द्या, कुजणारच ती. कुंडी आधी पावसाच्या माऱ्यातून आत घ्या आणि आठवड्याचं गणित सोडा, माती तळापर्यंत सुकल्याशिवाय पाणी नकोच. नर्सरीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर निम्मं तरी परलाइट (ते हलके पांढरे खडे) नाहीतर जाड वाळू मिसळा. रोपांसाठी टणक पान हलकेच डावीउजवीकडे हलवून अख्खं काढायचं, बुडखा तुटला तर बहुतेक काही येत नाही. दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मातीवर नुसतं ठेवा, खुपसू नका. मुळं दिसली की मग पाण्याचा फवारा.

माळीणबाई: जेड या दुसऱ्या जाड पानांच्या झाडाचंही असंच, फांदीनेसुद्धा लागतं. हॉवर्थिया या तशाच छोट्या झाडाची मात्र बाजूची पिल्लंच वेगळी करा, पानाच्या नादी लागू नका.

गॅलरीवाली: कोकोपीटच आहे हो! आणि खोड पण खालून काळं पडलंय, आता?

कुंडीवेडा: मग आजच वरचा भाग कापा. कापलेल्या जागी काळा ठिपका दिसला तर अजून वर कापा, अगदी स्वच्छ हिरवं लागेपर्यंत. मग सुकवून नवीन मातीत.