वाचनालयासाठी वृत्तपत्रांची निवड आणि बातम्यांची पडताळणी : सल्ला हवा

वाचनकट्टा :
नमस्कार. तालुक्याच्या गावी असलेल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काम करतो. आमच्या मुक्तद्वार वाचन विभागात रोज सकाळी ज्येष्ठ नागरिक आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले येतात. ८ मे २०२५ च्या रात्री अनेक वृत्तवाहिन्यांनी भारतीय नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याचे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडील बहुतेक दैनिकांत ती बातमी नव्हती, तेव्हा वृत्तपत्रे बातमी दडवत असल्याचा आरोप करून काही वाचकांनी चक्क वर्गणी बंद करण्याची मागणी केली. तेव्हापासून विश्वासार्ह वृत्तपत्र कोणते, हा वाद दर बैठकीत निघतो. अनुदान मर्यादित असल्याने सगळीच वृत्तपत्रे घेता येत नाहीत. निवड कशी करावी, वाचकांना पडताळणीची सवय कशी लावावी आणि वाचन विभागातला दूरचित्रवाणी संच ठेवावा की काढावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुना उपसंपादक :
बरीच वर्षे जिल्हा आवृत्तीची पाने लावली आहेत, त्या आधारे लिहितो. विश्वासार्ह वृत्तपत्राचे नाव विचारण्याऐवजी प्रत्येक बातमी कोठून आली हे पाहण्याची सवय वाचकांना लावा, कारण एकाच अंकात पहिल्या पानावर कसून तपासलेली बातमी आणि पाचव्या पानावर पैसे घेऊन छापलेला मजकूर असू शकतो. बातमीच्या सुरुवातीला बातमीदाराचे नाव आहे, नुसते 'प्रतिनिधी' आहे की 'वृत्तसंस्था' आहे, हे आधी पाहावे. पीटीआय या वृत्तसंस्थेची एकच बातमी चार दैनिकांत चार मथळ्यांखाली छापून येते. वाचकाला वाटते की चौघांनी दुजोरा दिला. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो. 'सूत्रांनी सांगितले' एवढ्यावर उभी असलेली बातमी दोन दिवस बाजूला ठेवावी. सूत्रांच्या आधारे उत्तम शोधपत्रकारिताही होते, पण ती बहुधा कागदपत्रे सोबत घेऊन येते.

कराचीच्या प्रकरणात हेच दिसले. ११ मेच्या पत्रकार परिषदेत नौदलाने सांगितले की कराचीसह निवडक लक्ष्यांवर हल्ला करण्याची आपली पूर्ण तयारी होती. हल्ला केल्याचे नौदलाने म्हटले नाही. तुमच्या वाचकांनी ज्यांच्यावर दडवादडवीचा ठपका ठेवला, त्यांच्यापैकी काहींनी कदाचित दुजोरा मिळेपर्यंत थांबण्याचेच काम केले असेल. 'कदाचित' म्हणतो, कारण जिल्हा आवृत्तीचे पान रात्री लवकर छपाईला जाते आणि काही बातम्या केवळ त्यामुळेच अंकात येत नाहीत.

पैसे घेऊन छापलेल्या मजकुराबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मला तो विषय वाहिन्यांच्या आरडाओरड्यापेक्षा गंभीर वाटतो. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत परस्परांच्या स्पर्धक दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारे शब्दशः सारखे लेख आले होते आणि त्यांवर जाहिरात असल्याची खूण नव्हती. भारतीय वृत्तपत्र परिषदेने (प्रेस कौन्सिल, वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणारी संस्था) नेमलेल्या दोन सदस्यांच्या उपसमितीने या धंद्याचा तपशीलवार अहवाल तयार केला, परंतु परिषदेने २०१० मध्ये त्याची संक्षिप्त आवृत्तीच स्वीकारली. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ मध्ये, लोकांसमोर आला. निवडणुकीच्या काळात दोन प्रतिस्पर्धी दैनिके शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयोग तुमच्याकडच्या मुलांकडून अवश्य करून घ्या.

सातपुडा :
वरील सल्ला छापील मजकुरापुरता योग्य आहे. आमच्या धुळे जिल्ह्यात मात्र लोक बातमी मोबाइलवर वाचतात आणि त्याची किंमत आम्ही पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आले होते. त्याच काळात देशभर फिरलेली मूल पळवण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने जनजागृतीसाठी बनवली होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठवण्यावर बंधन घातले.

म्हणून फलकावर ठळक अक्षरांत लिहा की दुहेरी बाण असलेला संदेश, म्हणजे अनेकदा पुढे ढकललेला मजकूर, तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये. चित्रफितीतील एखादे दृश्य थांबवून त्याचे छायाचित्र गूगल लेन्समध्ये टाकले की ते जुने किंवा परदेशातले आहे का, याचा बऱ्याच वेळा उलगडा होतो. फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर या तथ्य तपासणाऱ्या संकेतस्थळांच्या पडताळण्या मराठीतही वाचायला मिळतात.

नियमावली :
इतका खटाटोप कशाला? पीआयबी फॅक्ट चेक ही शासनाची अधिकृत यंत्रणा आहे. तिने खोटे ठरवले ते खोटे मानावे आणि वाद संपवावा.

जुना उपसंपादक :
नियमावली, शासकीय योजनेच्या नावाने फिरणारे बनावट अर्ज किंवा नोकरभरतीच्या खोट्या जाहिराती ओळखण्यासाठी ती यंत्रणा उपयुक्त आहे आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी ती जरूर पाहावी. परंतु बातमी शासनाविरुद्धच असेल तर शासनाचे उत्तर ही एक बाजू ठरते, निकाल ठरत नाही. शासनाविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार केंद्राच्याच पडताळणी कक्षाला देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, हेही ध्यानात असावे.

वाचनकट्टा :
सर्वांचे आभार. वृत्तपत्रांच्या निवडीबद्दल आणि दूरचित्रवाणी संचाबद्दलही कृपया स्पष्ट मत द्यावे.

अनुक्रमणिका :
आमच्या वाचनालयात एक स्थानिक दैनिक, परस्परविरोधी राजकीय कल असलेली दोन राज्यस्तरीय मराठी दैनिके आणि एक इंग्रजी दैनिक एवढेच घेतो. स्थानिक दैनिक कधीही बंद करू नका. नगरपालिकेची निविदा, पाणीपुरवठा, बाजार समितीचे भाव यांच्या बातम्या दुसरीकडे मिळत नाहीत, आणि त्या खऱ्या की खोट्या हे तुमचा वाचक स्वतः चौकात जाऊन पाहू शकतो. मात्र त्या दैनिकाला जाहिरात देणारी मंडळी गावातलीच असतात, त्यामुळे तेथे काय छापून येत नाही याकडेही लक्ष असू द्या.

संच काढू नका, वाद वाढेल. आम्ही तो दूरदर्शनच्या प्रादेशिक बातमीपत्रांपुरता लावतो. बातमीपत्र लहान असल्याने तेथे तर्कवितर्कांना वाव राहत नाही, अर्थात शासनावरची टीकाही तेथे फारशी ऐकू येत नाही.

चुकीची बातमी आढळल्यास केवळ चडफडत बसू नये. आधी संपादकांना लेखी कळवावे. समाधान झाले नाही तर दैनिकाविरुद्ध प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद ताकीद देते, निषेध नोंदवते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. तरीही तक्रारीसाठी कात्रण लागते, म्हणून रद्दी विकण्यापूर्वी किमान तीन महिन्यांचे अंक तारखेनुसार लावून ठेवावेत.