चॉकलेट सिस्ट: ऑपरेशन करावं का गोळ्याच चालू ठेवाव्यात? (लातूर)

मांजराकाठची
नमस्कार. वय 29, लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. पाळीत पोट दुखायचं ते शाळेपासूनच, घरी म्हणायचे बाईच्या जातीला असतंच, लग्न झालं की थांबतंय. थांबलं तर नाहीच उलट वाढलं, आता पाळीच्या आधीपासूनच कंबर अन् मांड्या धरायलेत, पाळीत संडासला बसलं की डोळ्यापुढं अंधारी येती इतकी कळ निघती, आणि संबंधाच्या वेळी पण आत खोल दुखतंय त्यामुळं ती भीतीच बसलीय. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर 5 सेंमीची चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्तानं भरलेली गाठ) निघाली, एंडोमेट्रिओसिस म्हणाले, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतंय. इथल्या मॅडम म्हणायलेत दुर्बिणीतून काढून टाकू. सोलापूरला दाखवलं तर त्यांनी डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी 2 मिग्रॅ रोज एक चालू केली, ऑपरेशनची घाई नको म्हणाले. गोळीनं दुखणं बरंच कमीय, पाळी बंद झालीय, मधीमधी डाग लागतेत अन् चिडचिड लई होती. पण पाळीच बंद तर मूल कसं राहणार? सासूबाईंना वाटायलंय की आतल्या आत घाण साठायलीय. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, माझं तर डोकंच चालंना झालंय.

संभाजीनगर_सिडको
ताई, माझ्या दोन्ही बाजूला होत्या सिस्ट. गोळ्यांनी पाळीचं दुखणं कमी आलं पण संडासच्या वेळचं काही जाईना म्हणून मी लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीचं ऑपरेशन) केली. नंतर डॉक्टरांनी व्हिडिओ दाखवला, आतडं अन् गर्भपिशवी डिंक लावल्यावानी एकमेकाला चिकटलेली, ते सावकाश सोडवत होते, सिस्टमधून काळपट चॉकलेटी रक्त निघायलेलं. ते बघितल्यावर नवऱ्याला पहिल्यांदा कळलं की मी नाटक करत नव्हते. दुखणं खरंच कमी झालं, पुढं मुलगी झाली.
पण एक गोष्ट नीट ऐका. सिस्ट सोलून काढताना तिच्या कडेची चांगली बीजं पण जातात. आमच्या डॉक्टरांनी आधी एएमएच करायला लावलं (रक्ताचीच टेस्ट असते, बीजांचा साठा किती राहिलाय याचा अंदाज येतो) आणि स्पष्ट सांगितलं की ऑपरेशननंतर हा आकडा खाली येऊ शकतो, माझा आलाच. तुम्हाला मूल हवंय तर एएमएच बघितल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. आणि ऑपरेशन म्हणजे कायमची सुटका असं पण नाही, मुलीचं दूध सुटल्यावर मी गोळ्या घेतल्या नाहीत अन् एका बाजूला परत छोटी सिस्ट आली.

स्त्रीरोग_वॉर्ड
मी सरकारी दवाखान्यात या विभागात काम करते. तुमचे रिपोर्ट मी बघितले नाहीत त्यामुळं काय करा हे सांगणार नाही, पण कसा विचार करतात ते सांगते.
आधी सासूबाईंचं. आत काही साठत नाही. डायनोजेस्टनं गर्भपिशवीचं आतलं अस्तर पातळ राहतं, म्हणून बाहेर यायला काही तयारच होत नाही. त्यांना सोबत घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं.
गोळ्या, इंजेक्शन, मिरेना (गर्भपिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन) हे सगळं आजार दाबून ठेवतं, मुळापासून काढत नाही, बंद केलं की बऱ्याच जणींना परत त्रास चालू होतो. महिन्याला किंवा तीन महिन्याला देतात त्या ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शननं हाडं ठिसूळ व्हायला लागतात, म्हणून ते जास्त दिवस नुसतं देत नाहीत, सोबत थोडं हार्मोन परत देतात. दुखणं थांबवायला ही औषधं चांगली आहेत पण मूल राहायची शक्यता त्यानं वाढत नाही, युरोपच्या इश्रे संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मूल आत्ता हवं असेल तर नुसत्या गोळ्यांवर वर्षं घालवणं बरोबर नाही. त्याच सूचनांत असंही आहे की निदानासाठी म्हणून प्रत्येकीला दुर्बीण घालायची गरज नाही, सोनोग्राफी किंवा एमआरआयवर दिसत असेल अन् लक्षणं जुळत असतील तर उपचार चालू करता येतात.
ऑपरेशन कधी? गोळ्यांनी भागत नसेल, सिस्ट वाढत असेल, तिचं रूप संशयास्पद असेल, आतडं किंवा लघवीच्या नळीवर आजार असेल तेव्हा. तुम्हाला संडासला दुखतंय म्हणून आतड्याकडं नीट बघायला सांगा, तसं असेल तर आतड्याचा सर्जन सोबत असलेल्या ठिकाणीच ऑपरेशन करा. टेस्ट ट्यूबकडं जायचं ठरलं तर नुसती सिस्ट आहे म्हणून आधी काढायलाच पाहिजे असंही नसतं.
मिस्टरांची वीर्य तपासणी झाली का? चार वर्षांत झाली नसेल तर आधी ती. आणि अचानक जोरात दुखून ताप, उलट्या झाल्या तर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

परभणीचा_भाऊ
माझ्या मोठ्या बहिणीला हाच आजार, वय 34, गावाकडं एका दवाखान्यात सांगितलं पिशवीच काढून टाका कटकट जाईल. काढली. आतड्यावरचा आजार तसाच राहिला, दुखणं चालूच. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार पिशवीच्या बाहेर असतो, नुसती पिशवी काढून जाईलच असं नाही. आपल्याकडं पिशवी काढणं म्हणजे दात काढल्यागत झालंय. 2019 ला बीडमधी सरकारी सर्वेक्षण झालं, ऊस तोडायला जाणाऱ्या 82,309 बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणं वेगवेगळी असतील पण कुणीबी पिशवीचं नाव काढलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करू नका, हात जोडून सांगतो.

संभाजीनगर_सिडको
भाऊ म्हणतात ते शंभर टक्के. खर्चाचं पण विचारून ठेवा ताई, महात्मा फुले योजनेत बसतंय का ते दवाखान्यात योजनेचा आरोग्यमित्र बसतो त्याच्या टेबलावर कळेल, रेशन कार्ड सोबत न्या.

मांजराकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंत सगळ्या तपासण्या माझ्याच झाल्यात, यांची एकदाबी नाही. रात्री हे सगळं वाचून दाखवलं, थोडं तोंड पाडलं पण तयार झालेत. एएमएच सोमवारी देते. अजून एकच, मुलासाठी प्रयत्न करायचे तर गोळी आजपासूनच बंद करू का?

स्त्रीरोग_वॉर्ड
मनानं नको. रिपोर्ट हातात येऊ द्या, पुढं औषध, ऑपरेशन का टेस्ट ट्यूब हे ठरलं की कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील, नाहीतर मधल्या दिवसांत दुखणं परत उसळतं. आणि ही गोळी गर्भनिरोधक म्हणून दिलेली नाही, तोवर निरोध वापरा. सोनोग्राफीची जुनी फिल्म पण न्या, सिस्ट वाढलीय का तेवढीच आहे ते त्यावरनंच कळतं.