यलोस्टोनचा कटथ्रोट: खरा शत्रू गळ नव्हे

मासेमारी बंद केली की कटथ्रोट ट्राउट हा संख्या घटलेला स्थानिक मासा आपोआप सावरेल, हे मत अमेरिकेतल्या यलोस्टोन सरोवरापुरतं तरी मला पटत नाही. तिथे गळाला लागलेला कटथ्रोट आधीच सोडून द्यावा लागतो. मूळ संकट आहे बाहेरून आलेला लेक ट्राउट हा दुसरा मासा, जो १९९४ मध्ये तिथे सापडला. तो कटथ्रोट फस्त करतो, पण इतर प्राण्यांचं खाद्य म्हणून त्याची जागा घेत नाही. कटथ्रोट अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतो. अस्वलं, पाणमांजरं, मासेखाऊ पक्षी त्याला तिथेच पकडतात. लेक ट्राउट सरोवरातच अंडी घालतो, बहुतेक वेळ खोल पाण्यात असतो. अस्वलांच्या तोंडचा घासच गेला! आजवर ४० लाखांहून जास्त लेक ट्राउट जाळी टाकून काढल्यावर कटथ्रोट पुन्हा वाढतोय. त्या जाळ्यांचा निधी कुठल्याही परिस्थितीत आटता कामा नये.