दुनळीवर 'टी वाय १८१२': डब्लिनची रिग्बी खरी की नक्कल?

लष्करचा_वाडा
नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नात्यातल्या एका वाड्यात ठासणीची (तोंडाकडून भरायची) दुनळी बंदूक निघाली आहे. टोपीची आहे (घोडा स्फोटक टोपीवर आपटून बार उडतो), चकमकीची नाही. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलंय, 'डब्ल्यूएम अँड जेएन रिग्बी, २४ सफोक स्ट्रीट, डब्लिन'. ट्रिगर गार्डच्या शेपटीवर 'टी वाय १८१२' ठोकलंय. घरच्यांच्या मते टी वाय म्हणजे तोशाखाना आणि १८१२ हे साल. नळ्यांवर तपकिरी नागमोडी रेघा आहेत, मधूनमधून नारिंगी गंज. इंग्लंडच्या प्रूफचा, म्हणजे नळीची ताकद तपासल्याचा, शिक्का कुठेच दिसत नाही, म्हणून एकाने सरळ नक्कल ठरवली. काका चिंच लावून नळ्या लख्ख करायला बसलेत. साल कोणतं धरायचं, माल खरा का, आणि साफ कशी करायची? सोबत एक रिव्हॉल्व्हर आहे, वर 'आर. आय. सी.' लिहिलंय. तेही आयरिशच का?

चकमक
आधी काकांच्या हातून चिंच काढून घ्या, बाकीचं नंतर.

तोशाखाना छान जुळवलाय, पण टी वाय म्हणजे टायरोन, उत्तर आयर्लंडातला परगणा. १८४३ च्या कायद्याने आयर्लंडात हत्यार बाळगणाऱ्याला ते नोंदवून त्यावर परगण्याची अक्षरं आणि नोंदीचा क्रमांक ठोकून घ्यावा लागे. १८१२ हा तो क्रमांक. साल असतं तर बंदूक चकमकीची निघाली असती. चकमकीऐवजी आघाताने बार पेटवायचं फोर्साइथचं पेटंट १८०७ चं खरं, पण त्यात स्फोटक भुकटी वापरायची होती. तांब्याची टोपी रुळली ती १८२० च्या दशकात. या शिक्क्यावरून एवढंच ठरतं की १८४३ नंतर कधीतरी ती टायरोनमध्ये कुणाकडे तरी होती. बनली कधी ते नाही.

बनावटीचं साल नावावरून काढा. रिग्बींचं दुकान १७७५ पासूनचं. थोरला जॉन रिग्बी १८१८ मध्ये वारला आणि विल्यम व जॉन ही मुलं पुढे आली. पट्टीवरचं नाव त्यांचं. १८६५ मध्ये लंडनला ७२ सेंट जेम्सेस स्ट्रीटवर दुकान उघडलं, त्यानंतरच्या मालावर लंडनचा पत्ताही येतो. तेव्हा तुमची या दोहोंच्या मधली. आणखी नेमकं हवं तर नळ्या उतरवून खालच्या अंगाचा नंबर वाचा. कंपनी आजही लंडनमध्ये चालू आहे, नंबर आणि फोटो पाठवून विचारता येतं.

प्रूफचा शिक्का नाही म्हणून नक्कल, हा तर्क उलटा आहे. १८१३ चा प्रूफचा कायदा नावापासूनच 'इंग्लंडमध्ये' बनणाऱ्या बंदुकांसाठी होता. डब्लिनच्या कारागिराला ती सक्ती नव्हती, त्यामुळे बिनशिक्क्याची नळी तिथे नेहमीची. बर्मिंगहॅमचा शिक्का सापडला तरी बिचकू नका, तिथून नळ्या मागवून डब्लिनला बंदूक जुळवणं चालायचं. घाबरायचं ते लंबगोलात 'ई एल जी' दिसलं तर. तो बेल्जियममधल्या लिएजचा शिक्का, आणि त्यावर रिग्बीचं नाव म्हणजे बहुधा बाजारू माल.

जुनं_लोखंड
त्या नागमोडी रेघा म्हणजे डमास्कस. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकलेली नळी. शेवटी मुद्दाम हलका गंज चढवून ती तपकिरी करत. लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग धरतात म्हणून नक्षी उठते. म्हणजे तुम्ही ज्याला घाण समजताय तेच काम आहे. चिंच, लिंबू, राख, पितळ उजळायची पावडर, काहीही लावलंत की नक्षी गेली. वर आम्ल पट्ट्यांच्या जोडांत शिरतं आणि आतून खात राहतं.

पहिलं काम, भरलेली नाही ना ते पाहणं. टोप्या काढा. लाकडी काठी नळीत शेवटपर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून धरा. टोक निपलच्या (टोपी बसते त्या पोकळ खुंटीच्या) मुळाशी यायला हवं. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर कमी चालतं. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मोजा.

रिकामी निघाली तरच पुढे. नळीखालचा ठासायचा गज काढा, दोन्ही घोडे अर्ध्यावर चढवा. दस्त्याच्या पुढच्या भागात आडवी पाचर असते, ती लाकडी ठोकळ्याने हलकेच सरकवा. पुष्कळदा ती पूर्ण बाहेर येत नाही, आत खिळ्याने अडवलेली असते. इथेच लोक हातोडी घालतात आणि लाकूड चिरतं. पाचर सरकली की तोंडाकडून नळ्या वर उचला, मागचा आकडा सुटतो. लॉक (घोडा-स्प्रिंगची यंत्रणा) आणि निपल राहू द्या. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस नसेल तर खाच सोलवटते, आणि कोरीव स्क्रूची खाच पुन्हा कुणी भरून देत नाही.

गंज फक्त नारिंगी, भुकटी सुटणारा काढायचा. पातळ मशीन तेलाचे थेंब सोडून एक दिवस ठेवा, मग बांबूच्या किंवा पितळेच्या पात्याने टोकरा, सुती फडक्याने पुसा. दोन-तीनदा करावं लागेल. पॉलिश पेपर नको. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात, धातूला आणि लाकडालाही. दस्त्याला अळशीचं तेल पाजू नका, ते चिकट राहून काळवंडतं आणि हातपकडीची जाळी बुजते.

ठेवताना घोडे निपलवर उतरवून ठेवा, स्प्रिंगला ताण नको. कातडी म्यानात नाही, कोरड्या सुती कापडात, आणि वाड्याच्या सादळ येणाऱ्या भिंतीपासून लांब. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात अक्रोडाचं लाकूड आकसतं, श्रावणात फुगतं. लॉकभोवतीच्या चिरा त्यातूनच येतात.

दप्तरदार
आर. आय. सी. म्हणजे रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी, पण बनावट बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीची. पोलिसांनी १८६८ मध्ये घेतली म्हणून ते नाव. नक्कलाही अमाप निघाल्या.

कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. शंभर वर्षं जुनी म्हणून परवाना नको, हा समज चुकीचा आहे. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९, कलम ४५ मधली सूट जुन्या किंवा मोडक्या हत्याराला आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसावं. तुमची दुनळी त्यात बसेल असं दिसत नाही, काडतुसाचं रिव्हॉल्व्हर तर नाहीच. आजोबांच्या नावाचा परवाना असेल तर शोधा. नसेल तर वकिलाला विचारून कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत जा. कलम २१ प्रमाणे तोवर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं. पिशवीत घालून सराफ्यात किंमत काढायला नेऊ नका. आणि परदेशात विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.

लष्करचा_वाडा
चिंच थांबवली. काठीने मोजलं. बाहेरून ७६ सेंमी. डावीत ७५ गेली, उजवीत ७०.५ वर अडली. आत काही पडलं असेल का?

जुनं_लोखंड
पडलेलं नाही, भरलेलं आहे. दारू, बूच, छर्रे, वर पुन्हा बूच मिळून साधारण पाच सेंटीमीटर होतात, म्हणजे तुमचा आकडा एक पूर्ण बार भरल्याचा आहे. कोरडी राहिलेली काळी दारू दीडशे वर्षांनीही पेटते. घोड्याला हात लावू नका, निपल फिरवू नका, गजाचा पेच आत घालून ओढू नका. नळीत पाणी ओतायचं कुणी सांगेल. पण वरचं बूच घट्ट असतं, पाणी दारूपर्यंत पोचलं का ते बाहेरून कळत नाही. तोंड भिंतीकडे करून ती खोली बंद करा आणि ठाण्यात 'भरलेली आहे' असं स्पष्ट सांगून त्यांच्यामार्फत आर्मरर (शस्त्र दुरुस्तीचा जाणकार) घरी बोलवा.