मदत हवी आहे: जांभ्याच्या जमिनीत मेटल डिटेक्टर कुठला चालेल?

मंडळी, राजापूरकडे आमच्या कलमांच्या बागेत बहिणीच्या मंगळसूत्राची एक वाटी पडलीये, सोन्याची, पोकळ. पाल्यात किंवा फार तर दोन-तीन बोटं मातीत असेल. भाड्याने साधा सिंगल फ्रिक्वेन्सी व्हीएलएफ (एकाच, कमी फ्रिक्वेन्सीच्या सततच्या लहरींवर चालणारा) डिटेक्टर आणला, पण जमीन सगळी जांभ्याची, लोखंड ठासून भरलेलं, कॉइल (खालची शोधणारी चकती) जरा वरखाली झाली की बीप बीप सुरू. कॉइल जमिनीवर वरखाली करून मॅन्युअल ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा सिग्नल दाबायचं सेटिंग) केला, सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली, तेव्हा आवाज थांबला पण मग टेस्टसाठी पुरलेली अंगठीसुद्धा लागेना. डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळायचं सेटिंग) वाढवत नाहीये कारण बारीक सोनं फॉइलसोबत गाळलं जातं. मोबाईल लांब ठेवतो, वरून वीजलाइन नाही, झाडांची आळी चाळणीने चाळणं चालूच आहे.

पल्स इंडक्शन म्हणजे पीआय (सततच्या लहरींऐवजी झटके सोडणाऱ्या) डिटेक्टरला जांभा कमी त्रास देतो हे माहितीये, पण बागेत कुंपणाच्या तारेचे तुकडे आणि खिळे जिकडेतिकडे, आणि पीआय लोखंड नीट वेगळं काढत नाही, म्हणजे दिवसभर खिळेच उकरत बसायचं. विकत घ्यायचा नाहीये, भाड्यानेच, आणि पावसाच्या आत व्हायला हवं.

जांभ्यावर प्रत्यक्ष वापरलेल्यांनी सांगा, एवढ्या बारीक सोन्यासाठी मल्टी फ्रिक्वेन्सी घेऊ की पीआयच, आणि कॉइल किती इंची लावू?