पगारपत्रकातली माणसं
'कंपनीच्या जुन्या हिशेबवह्यांत आकड्यांशिवाय काय सापडणार?' असं एकांनी विचारलंय, म्हणून हे लिहितो.

अमेरिकेतल्या सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपनीचंच पाहा. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपासून पूर्वेकडे सिएरा नेवाडाचे डोंगर फोडत गेलेला हा मार्ग १० मे १८६९ला युटामधल्या प्रोमाँटरी समिटला पूर्वेकडून येणाऱ्या युनियन पॅसिफिक कंपनीच्या मार्गाला मिळाला. त्यावर राबलेले बहुसंख्य मजूर चिनी, हजारोंच्या संख्येने. पण त्यांच्यापैकी एकाचंही पत्र किंवा रोजनिशी आजवर संशोधकांच्या हाती लागलेली नाही. मग उरतात ती कंपनीची पगारपत्रकं. सॅक्रामेंटोच्या रेल्वे संग्रहालयात त्यातली बरीच जपलेली आहेत.

जानेवारी १८६४च्या पत्रकात 'हंग वा' हे चिनी नाव येतं. पण पुढे चिनी मजुरांच्या टोळ्या वाढल्यावर बहुतेक ठिकाणी फक्त मुकादमाचं नाव, टोळीचे एकूण दिवस आणि एकरकमी पैसे. गोऱ्या मजुरांची नावं मात्र एकेक करून लिहिलेली. मला तर ही न लिहिलेली नावंच सगळ्यात जास्त बोलकी वाटतात. कोणाला माणूस म्हणून मोजायचं आणि कोणाला टोळी म्हणून, हे कारकुनाच्या रकान्यातच ठरत होतं.

जून १८६७मध्ये याच मजुरांनी महिना ४० डॉलर आणि कमी तास मागत संप केला. कंपनीने त्यांची रसदच तोडली, आठवडाभरात संप मोडला. गोऱ्यांना पगाराखेरीज जेवणही मिळे, चिन्यांना ते स्वतःच्या खिशातून करावं लागे. म्हणून पगाराचे आकडे शेजारी ठेवून तुलना करताना हा फरक आधी लक्षात घ्या.