वृद्धाश्रमात आईचं वजन उतरतंय, प्रोटीन पावडर देऊ का?

रानवारा: आई 81 वर्षांची, पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात असते. सहा महिन्यांत 48 वरून 42 किलोवर आलीय. तिथले म्हणतात वय झालं की होतंच. डायबेटीस आहे म्हणून गोड, केळं, बटाटा सगळं बंद, संध्याकाळी सातला पातळ खिचडी आणि मग थेट सकाळी नऊला नाश्ता. पावडरचा डबा नेऊन देऊ का?

ताकपिठलं: सहा महिन्यांत 10 टक्क्यांच्या वर गेलंय हो, हे वयाच्या नावावर नाही खपवायचं. डब्याआधी डॉक्टर. थायरॉईड, टीबी, डिप्रेशन सगळं बघून घ्या आणि गोळ्यांची यादी पण दाखवा, मेटफॉर्मिन या डायबेटीसच्या गोळीने बऱ्याच जणांची भूक मरते (स्वतः बंद करू नका मात्र). कवळी नीट बसते का? वजन उतरलं की ती सैल होते, मग चावता येत नाही म्हणून खाणं अजून कमी.

सुगरण_नाशिक: ताट भरून वाढायला सांगू नका, बघूनच नको म्हणतात. वाटी तेवढीच ठेवून आतलं वाढवायचं. खिचडी घट्ट करून वर तूप (छोट्या चमच्यात 45 कॅलरी जातात), भाजीत दाण्याचं बारीक कूट, दुधात दूध पावडर, अंडं चालत असेल तर भुर्जी. किलोमागे निदान 1 ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे 42 ग्रॅम, आणि एका अंड्यात सहाच ग्रॅम असतं, त्यामुळे दिवसभर थोडं थोडंच करावं लागतं. आणि सात ते नऊ चौदा तास उपाशी?? झोपताना कपभर दूध किंवा नाचणीची खीर मागून घ्या, हे आधी.

जुना_कंपाउंडर: 81 व्या वर्षी 42 किलोवर इतकं कडक पथ्य कशाला, डॉक्टरांना सैल करायला सांगा, शुगर थोडी वर राहिलेली परवडते. पावडर द्यायचीच तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून, आणि दोन जेवणांच्या मध्ये, नाहीतर ती पिऊन जेवण सोडतात. ठसका लागतो का हो?

रानवारा: हो, पाणी पिताना लागतो, कधी चहाला पण. कवळी तर ती डबीतच ठेवते.

जुना_कंपाउंडर: मग गिळण्याची तपासणी आधी करा, स्पीच थेरपिस्ट करतात. तोवर ताठ बसवूनच भरवायचं, पडल्या पडल्या चमच्याने पाणी अजिबात नको, ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. दूध, पाणी किती घट्ट करायचं ते तेच सांगतील. आणि दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहायला लावा, अंदाजाने सांगतात लोक.